बाबासाहेबांनी आकडे बोलके केले

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्त्यांनी पेण आणि रोहा तालुक्यांतल्या निवडक वस्त्यांची पाहणी केली. घरात शिकणारी मुले किती, कोणत्या इयत्तेत शाळा सुटली, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, कारखान्यात जाणारा माणूस कायम आहे की ठेकेदाराकडे, असे साधे प्रश्न होते. पावसाळा संपल्यावर तरुणांनी घरोघर फिरून फॉर्म भरले. मी वकील असल्यामुळे अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तो कोर्टात दावा दाखल करावा तसा लिहिला. तक्ते होते, परिशिष्टे होती, दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत टक्केवारी होती.

रोहा तालुक्यातल्या एका वस्तीच्या विहारात बुद्धवंदना झाल्यावर मी हा अहवाल वाचून दाखवला. संगणकावर काढलेले रंगीत आलेखही पडद्यावर दाखवले. अर्धा तास लोक शांत बसले होते. मला वाटले, विषय पोहोचला. शेवटी पुढे बसलेल्या एका वृद्ध माईने विचारले की या चित्रात आपले घर कोणते, आणि जो निळा खांब दिसतो तो उंच असणे चांगले की वाईट. मी टक्केवारी म्हणजे काय ते समजावू लागलो आणि पाहता पाहता लोकांचे लक्ष चहाकडे गेले. ज्यांच्याविषयी ती पाहणी होती, त्यांनाच ती कळली नव्हती. दोष माईचा नव्हता. दोष सांगणाऱ्याचा, म्हणजे माझा होता.

त्या रात्री घरी येऊन मी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दुसरा खंड उघडला. मुंबई विधिमंडळातली त्यांची भाषणे त्यात आहेत. पूर्वी ती कायद्याच्या दृष्टीने वाचली होती. या वेळी मी एकच प्रश्न मनात धरून वाचली. ज्याला आकडेशास्त्र येत नाही त्याच्यापुढे या माणसाने आकडे कसे ठेवले? वाचता वाचता लक्षात आले की बाबासाहेबांचे सगळे आयुष्यच या बाजूनेही सांगता येईल. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, महाडचे सेनापती म्हणून ओळखतो, धम्मदीक्षा देणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण मोजणारे बाबासाहेब, आणि मोजलेले लोकांना दाखवणारे बाबासाहेब आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाहीत.

फळ्याजवळचा मुलगा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातल्या शाळेत शिक्षक. घराणे आंबडव्याचे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना घडलेला प्रसंग सर्वांना माहीत आहे. गुरुजींनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांच्या जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी ती मुले डबे बाजूला काढायला धावली.

हा प्रसंग आपण विटाळाचे उदाहरण म्हणून सांगतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. फळा ही सर्वांनी मिळून पाहायची जागा असते. त्यावर लिहिलेले उदाहरण सगळा वर्ग एकाच वेळी पाहतो आणि ते बरोबर की चूक हे सगळ्यांसमोर ठरते. अशा जागेपाशी जायला ज्याला मज्जाव होता, त्याने पुढे सबंध मुंबई इलाख्याचा हिशोब सर्वांसमोर मांडला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे मुख्य विषय अर्थशास्त्र. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्या निबंधाचा गाभा पाहा. एका जातीत लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष जवळपास सारख्या संख्येने असतात. नवरा मेला की एक स्त्री जास्त होते, बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. जातीबाहेर लग्न नको असेल तर या जास्तीच्या माणसाचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, विधुराचे ब्रह्मचर्य आणि बालविवाह ही या हिशोबाची क्रूर उत्तरे आहेत, हे त्यांनी दाखवले. धर्मशास्त्राच्या जंगलात शिरण्याऐवजी त्यांनी पाटीवर बेरीज-वजाबाकी मांडली. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचा हा निबंध ज्याला एक आणि एक दोन कळतात त्यालाही समजतो.

१९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ आणि सरकारी समित्या सांगत होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्याच तक्त्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तुकडा लहान की मोठा हे नुसत्या गुंठ्यांवरून ठरत नाही, त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल किती यावरून ठरते, असे त्यांनी मांडले. जमिनीवरचा जास्तीचा भार उद्योगधंद्यांत गेला पाहिजे हा त्यांचा निष्कर्ष. ज्यांनी आकडे गोळा केले त्यांचाच अर्थ मान्य करायचा असे बंधन नसते, हा धडा त्यांनी तेव्हाच घालून दिला.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. पहिल्याच अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला जिना नाही, त्यामुळे जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरायचे. हे शब्दांनी काढलेले चित्रच आहे. ज्याला वाचता येत नव्हते त्याला कोणी वाचून दाखवले, तरी डोळ्यांसमोर मनोरा उभा राहत असे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ आपल्या लोकांसाठी मनोऱ्याची भाषा वापरत होता.

१२ मार्च १९२७

१९२७च्या सुरुवातीला बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य म्हणून काम करू लागले. १२ मार्च रोजी शिक्षणाच्या खर्चावर चर्चा होती. समोर बसलेले बहुतेक सदस्य जमीनदार, वकील, व्यापारी. आकडेशास्त्राचे जाणकार त्यांत कितीसे असणार? सरकारच्या शिक्षण खात्याचा १९२३-२४चा अहवाल सर्वांकडे होता. त्याच अहवालातले आकडे बाबासाहेबांनी उचलले.

त्या अहवालात इलाख्याच्या लोकसंख्येचे चार गट केले होते. पुढारलेले हिंदू, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग, मुसलमान आणि मागासवर्ग. मागासवर्गात अस्पृश्यांसह डोंगरी जमाती आणि तेव्हा गुन्हेगार ठरवलेल्या जमाती येत. बाबासाहेबांनी प्राथमिक शाळेपासून सुरुवात केली. दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले शाळेत होती, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची १८. मग माध्यमिक शाळा. दर लाख लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ३,००० विद्यार्थी, मुसलमानांचे ५००, मधल्या वर्गाचे १४० आणि मागासवर्गाचे १४. शेवटी कॉलेज. दर दोन लाखांमागे पुढारलेल्या हिंदूंचे १,०००, मुसलमानांचे ५२, मधल्या वर्गाचे १४ आणि मागासवर्गाचा जवळपास कोणीच नाही.

या मांडणीकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. गटांची लोकसंख्या लहानमोठी होती, म्हणून एकूण विद्यार्थ्यांची तुलना न करता सर्वांना एकच माप लावले आहे. प्राथमिकला हजाराचे माप, माध्यमिकला लाखाचे, कॉलेजला दोन लाखांचे. जसजसे शिक्षण वर जाते तसतसे माप मोठे होत जाते. याचे कारण मला असे वाटते की माध्यमिकला हजाराचेच माप ठेवले असते तर मागासवर्गाचा आकडा शून्य पूर्णांक चौदा शतांश असा आला असता. शून्य पूर्णांक चौदा शतांश मूल कोणाच्या डोळ्यांसमोर उभे राहील? लाखात चौदा म्हटले की चौदा मुले दिसतात, त्यांच्या हातातली दप्तरे दिसतात. माझ्या अहवालात दशांश चिन्हे होती. बाबासाहेबांच्या भाषणात मुले होती.

त्यानंतर त्यांनी दोन रांगा शेजारी शेजारी ठेवल्या. लोकसंख्येच्या क्रमाने पाहिले तर मधला वर्ग पहिला, मागासवर्ग दुसरा, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू चौथे. शिक्षणाच्या क्रमाने पाहिले तर पुढारलेले हिंदू पहिले, मुसलमान दुसरे, मधला वर्ग तिसरा आणि मागासवर्ग चौथा. संख्येने जो दुसरा होता तो शिक्षणात शेवटी फेकला गेला आणि संख्येने जो शेवटी होता तो शिक्षणात पहिला आला. या दोन रांगा समजायला टक्केवारी लागत नाही. एक ते चार अंक येणारे मूलही त्या वाचू शकते. कागदावर दोन्ही रांगा लिहून सारख्या नावांना रेघेने जोडले तर रेघा एकमेकींना कापतात. सामाजिक अन्याय त्या कापलेल्या रेघांत उघडा दिसतो.

याच भाषणात आणखी दोन हिशोब होते. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी दाखवून दिले. इलाख्याचे कोट्यवधींचे अंदाजपत्रक कोणाच्याही डोक्यात मावत नाही. एका माणसाच्या एका खिशात घातलेले १४ आणे आणि दुसऱ्या खिशातून काढलेले दोन रुपये मावतात. दुसरा हिशोब गळतीचा होता. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचत होती आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत मिसळत होती. आकडा सांगून ते थांबले नाहीत. मागासवर्गाला पुढे आणायचे तर समान वागणुकीच्या नावाखाली त्यांना तसेच सोडता येणार नाही, विशेष सवलती द्याव्या लागतील, ही मागणी त्यांनी त्याच आकड्यांवर उभी केली.

आठ दिवसांनी महाड

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आज ज्याला आपण रायगड जिल्हा म्हणतो तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. पेण आणि रोहा त्याचेच तालुके. विधिमंडळातल्या त्या भाषणाला तेव्हा आठवडाच झाला होता. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांनी परिषदेची तयारी केली होती. विधिमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे खुले होते आणि प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याची ओंजळ त्यात बुडालेली नव्हती. २० मार्चला ती बुडाली.

महाडला जमलेला समुदाय दहा हजारांच्या आसपास होता असे सांगतात. लाखात चौदा हे प्रमाण त्या समुदायाला लावून पाहा. दहा हजारांमागे माध्यमिक शाळेत जाणारा जेमतेम एक किंवा दोन. विधिमंडळात जे आकडे होते ते महाडच्या मंडपात माणसे होऊन बसले होते. या माणसांसमोर बाबासाहेबांनी आकड्यांचे तक्ते वाचले नाहीत. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, मुलांना शिकवा, आपल्यापेक्षा आपल्या मुलांचे भले व्हावे अशी इच्छा नसलेल्या आईबापात आणि जनावरात फरक राहत नाही, असे त्यांनी बजावले. सरकारपुढे पुरावा म्हणून जो हिशोब ठेवला त्याचाच अर्थ त्यांनी आपल्या लोकांना घरातल्या भाषेत सांगितला. श्रोता बदलला की मांडणी बदलायची आणि सत्य मात्र बदलायचे नाही, हे त्या आठ दिवसांत शिकायला मिळते.

मोजायला गेले आणि पाय मोडला

१९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. कंपनी सरकारच्या काळापासून कोणाला शाळा मिळाली आणि कोणाला नाकारली, याचा इतिहास त्यात तक्त्यांसह आहे. त्याच सुमारास मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. पेण आणि रोह्याच्या डोंगरांत राहणाऱ्या कातकरी बांधवांसारख्या जमातींचा प्रश्नही अशा चौकशीच्या कक्षेत येत होता.

ऑक्टोबर १९२९ मध्ये या कामासाठी फिरताना ते चाळीसगावला उतरले. एका गावात अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला टांग्यात घेऊन टांगा हाकायला नकार दिला. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने टांगा हाकला. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या पुलाशी टांगा धडकला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहणीच्या कामासाठी आपल्या नेत्याने हाड मोडून घेतले आहे. आमच्यातला एखादा कार्यकर्ता ऊन फार आहे म्हणून अर्धे फॉर्म घरी बसून भरतो, तेव्हा मला चाळीसगाव आठवते.

१९३२ साली मताधिकाराच्या प्रश्नावर लोथियन समिती आली. बाबासाहेब तिचेही सदस्य होते. तेव्हा एक चमत्कार घडला. अस्पृश्यांची संख्या जितकी जास्त तितक्या त्यांच्या जागा जास्त, हे लक्षात येताच काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांना आपल्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच असा साक्षात्कार झाला. जनगणनेत कोटींत असलेले आकडे प्रांतिक समित्यांनी लाखांत आणले. हजारो वर्षे ज्यांना विहिरीवर ओळखून हाकलले, त्यांना मोजायच्या वेळी ओळखता येईना. बाबासाहेबांनी समितीच्या अहवालाला आपली वेगळी टिपणी जोडली. पुढे काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी वेगवेगळे अंदाज शेजारी शेजारी छापले. त्यावर लांब भाष्य करायची गरज नव्हती. एकाच प्रांताचे दोन आकडे एका ओळीत आले की लबाडी आपोआप दिसते.

खोत, नकाशा आणि नाकाचे माप

आपल्या जिल्ह्याचे ऋण आणखी एका लढ्यात आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. खोताच्या हिशोबाच्या वह्या कुळाला वाचता येत नव्हत्या. खंड किती, अर्धल किती, बाकी किती, हे खोत सांगेल तेच खरे. न वाचता येणारा आकडा माणसाला पिढ्यान् पिढ्या कसा बांधून ठेवतो, हे पेण-रोह्याच्या खारेपाटात आणि डोंगरवाड्यांत कोणाला सांगावे लागत नाही.

१९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना त्यांनी जिल्हावार लोकसंख्येचे तक्ते दिले आणि सोबत पंजाब व बंगालचे नकाशे जोडले. सरहद्द कोठून जाईल हा प्रश्न शब्दांत भांडत बसण्यापेक्षा नकाशावर पाहा, अशी ती रीत होती. १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी गोळा केलेली नाकाच्या मापांची कोष्टके तपासली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत या समजाला त्याच मापांनी धक्का दिला. १९५५ साली भाषावार प्रांतांवर लिहिताना पुन्हा लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे आले, मराठी मुलखाची चार राज्ये कशी पडतील हे वाचकाला नकाशावर पाहता आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण. अखेरच्या दोन वर्षांतही त्यांच्या मेजावर तक्ते आणि नकाशे होते.

या ठिकाणी अमेरिकेतल्या एका समकालीनाची आठवण करणे योग्य होईल. काळ्या समाजाचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांसह सुमारे साठ तक्ते हाताने रंगवले होते. गुलामीतून सुटलेल्या माणसांची जमीन, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता त्यांत लाल, काळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या पट्ट्यांनी आणि वळशांनी दाखवली होती. लाखो प्रेक्षक येणाऱ्या त्या प्रदर्शनात अहवाल वाचायला थांबणार कोण? भिंतीवरचा रंगीत पट्टा मात्र चालता चालता दिसतो. १९४६ साली बाबासाहेबांनी या ड्यू बॉइसना पत्र लिहिले. काळ्या समाजाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेणाऱ्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या आणि ड्यू बॉइसनी त्यांना सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन खंडांतल्या दोन पीडित समाजांचे हे दोन नेते. दोघांनीही आधी मोजले, मग मोजलेले जगाला दाखवले.

वालाचे शंभर दाणे

आता पुन्हा रोह्याकडे येतो. माईच्या प्रश्नानंतर आम्ही तो अहवाल बाजूला ठेवला. महिनाभराने त्याच विहारात पुन्हा बसलो. या वेळी संगणक नव्हता. आपल्याकडे घरोघरी असतात ते वालाचे दाणे आणले. सतरंजीवर शंभर दाणे मांडले आणि सांगितले की ही बाबासाहेबांच्या काळातली पहिलीत गेलेली शंभर मुले. मग एका मुलीला त्यातले ८२ दाणे उचलून टोपलीत टाकायला सांगितले. सतरंजीवर १८ उरले. विहारात कोणी बोलले नाही. त्यानंतर आमच्या पाहणीतले आजचे दाणे शेजारी मांडले. तेव्हा माईने स्वतः पुढे येऊन टोपलीतला एक दाणा उचलला आणि हा आपला नातू असल्याचे सांगितले. त्या नातवाने दहावीनंतर शाळा सोडली होती. पुढचे दोन तास वस्ती बोलत होती आणि आम्ही लिहून घेत होतो. फॉर्ममध्ये जे कारण कोणी सांगितले नव्हते ते त्या दिवशी बाहेर आले.

पेणला आमच्या वस्तीतला एक तरुण गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्याने लोकसंख्या आणि शिक्षणाच्या त्या दोन रांगा प्लायवुडच्या फळीवर रंगवून दिल्या. जयंतीच्या दिवशी ती फळी विहाराच्या दाराशी उभी केली. मिरवणुकीत नाचून घामाघूम झालेली पोरेही पाणी प्यायला थांबली की त्या कापलेल्या रेघांवर बोट फिरवून पाहत होती.

कार्यकर्ते मित्रहो, चित्र काढायला सोपे आणि चित्राने फसवायलाही सोपे. खांबाचा तळ कापून वरचा तुकडा दाखवला की थोडा फरक डोंगराएवढा दिसतो. प्रस्थापितांच्या जाहिरातींत हे रोज चालते. आपण तसे करायचे नाही, कारण आपला खोटेपणा एकदा पकडला गेला की आपल्या शंभर खऱ्या गोष्टी वाया जातात. बाबासाहेबांची रीत तीन गोष्टींची आहे. आकडा कोठून घेतला ते आधी सांगायचे, आणि शक्य तर तो सरकारच्याच अहवालातला घ्यायचा म्हणजे समोरच्याला नाकारता येत नाही. सर्वांना एकच माप लावायचे. आणि आकड्याच्या शेवटी मागणी ठेवायची. मागणी नसलेला आकडा ही नुसती हळहळ असते.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. सर्व जातींची पूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती १९३१ साली. म्हणजे १९३१ नंतर प्रथमच देशापुढे हा आरसा धरला जाईल. बिहारने २०२३ साली आपल्या राज्यात अशी मोजणी केली तेव्हा अतिमागास आणि मागास मिळून लोकसंख्येच्या सुमारे ६३ टक्के निघाले, शंभर दाण्यांत ६३ दाणे. आकडे जाहीर होताच त्यांचा अर्थ लावायला पंडित पुढे येतील, दूरचित्रवाणीवर रंगीत खांब उभे राहतील. १९३२ साली ज्यांनी कोटींचे लाख केले त्यांचे वारसही काही झोपलेले नाहीत.

त्या वेळी आपली वस्ती काय करणार? आलेख पाहून चहाची वाट पाहणार की आपला दाणा ओळखणार? देशाच्या अर्थमंत्रिपदावर रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख असताना, १९५० साली, राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. मोजण्याची यंत्रणा देशात पंचाहत्तर वर्षे आहे. मोजलेले वस्तीपर्यंत परत आणण्याची यंत्रणा आपणच उभी केली पाहिजे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विहारात एक फळा, खडू, आणि शंभर वालाचे दाणे पुरेसे आहेत. ज्या फळ्याजवळ भीमरावांना जाऊ दिले जात नव्हते, तो फळा आता आपल्या दाराशी आहे. त्यावर आपल्या वस्तीचा हिशोब आपल्या मुलामुलींनी लिहावा आणि माईने तो वाचावा.

जयभीम!